केबलचं बिल आणि गावचं चॅनेल

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी गावच्या ॲक्सेस चॅनेलवर, म्हणजे गावकऱ्यांना स्वतःचे कार्यक्रम दाखवता येतात अशा केबलवरच्या स्थानिक चॅनेलवर, कार्यक्रम कसा करावा, हे लिहिलं होतं. त्यावर पत्रं येतील ती कॅमेऱ्याबद्दल आणि माइकबद्दल, असा माझा अंदाज. आली ती जवळपास सगळी पैशांबद्दल. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या कम्युनिटी टेलिव्हिजन केंद्रात मी हिशेब आणि शेड्यूल अशी दोन्ही कामं बघते, त्यामुळे हा विषय मला रोजचाच. पत्रं थोडी छाटून देते आहे.

ताई, आमचं मंडळ गावच्या चॅनेलवर महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करतं. यंदा स्टुडिओने संध्याकाळच्या वेळा कमी केल्या, शूटिंग शिकवणारा मुलगाही गेला. पण माझ्या केबलच्या बिलावर फ्रँचायझी फीची ओळ अजून आहे! मी पैसे भरतोय, मग ते जातात कुठे?
— एक वाचक, बॉस्टनजवळून

बिल समोर घ्या आणि फी कशावर लागली आहे ते बघा. टीव्ही, इंटरनेट, फोन असे तीन भाग असतील. फी फक्त टीव्हीच्या भागावर आहे. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

१९८४ च्या केबल कायद्याने असं ठरवलं की गावाचे रस्ते आणि खांब वापरून तार टाकणाऱ्या कंपनीकडून गाव ही फ्रँचायझी फी घेऊ शकतं, पण ती कंपनीच्या केबल टीव्हीच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याच कायद्याने गावाला केबल कंपनीच्या लायसन्समध्ये, म्हणजे गावाशी होणाऱ्या तिच्या करारात, सार्वजनिक, शैक्षणिक आणि सरकारी कामकाजाची चॅनेलं मागण्याचा अधिकारही दिला. तेव्हा केबल म्हणजे टीव्हीच. त्या तारेतून एक दिवस मुलांची शाळा, डॉक्टरची अपॉइंटमेंट आणि तुमचं ऑफिस जाणार आहे, हे कुणाच्या डोक्यात असणार?

समजा एका गावात ४,००० घरांत केबल टीव्ही आहे आणि प्रत्येक घर टीव्हीपोटी महिन्याला ८० डॉलर भरतं. वर्षाचे झाले ३८ लाख ४० हजार डॉलर. त्याचे ५ टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार. यातले १,६०० जण टीव्ही सोडून फक्त इंटरनेटवर गेले की उरतात १ लाख १५ हजार २००. पाऊण लाखाहून जास्त गेले. खांब तेच, तार तीच, आणि त्या १,६०० घरांतून कंपनीला दर महिन्याला इंटरनेटचे पैसे मिळतातच. गावाच्या वाट्याला त्यातलं काही नाही.

हे गणित समजावण्यापुरतं आहे, पण चित्र खरं आहे. देशातली मोठी केबल कंपनी कॉमकास्ट घ्या. २०१६ च्या अखेरीस तिच्याकडे टीव्हीचे सुमारे सव्वादोन कोटी ग्राहक होते. २०२४ च्या अखेरीस सव्वा कोटी उरले.

खर्चाचं काय? आमच्यासारख्या केंद्राचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा. सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांची, सभा रात्री अकरापर्यंत चालली तर कंट्रोल रूममध्ये कुणीतरी अकरापर्यंत बसतंच. केबलची घरं कमी झाली म्हणून सभा लवकर संपत नाही. भाडं, विमा, सबटायटलचा खर्च, काहीच कमी होत नाही. मग कात्री लागते ती ज्याला कायदेशीर बंधन नाही त्याला, म्हणजे संध्याकाळच्या शूटिंगला, शिकवणीला, आणि तुमच्या मंडळाला. सभेचं प्रक्षेपण बंद पडलं तर निवडून आलेली माणसं फोन करतात. मराठी कार्यक्रम बंद पडला तर कोण करणार?

आणि तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, तेही बघू. बिलावरची फी स्टेशनलाच मिळते असं सगळीकडे नाही. ती गावाला किंवा शहराला मिळते. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲक्सेसचा पैसा लायसन्समध्येच लिहिलेला असतो, आणि तो वेगळा ठेवायला राज्याच्या कायद्यात ४४ व्या प्रकरणात ५३एफ¾ नावाचं कलम आहे. गावाने ते स्वीकारलं असेल तर पैसे वेगळ्या खात्यात राहतात. इतर कित्येक राज्यांत मात्र ही फी सरळ शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते, आणि तिथे पोलीस, रस्ते, बर्फ काढणं या सगळ्यांशी टक्कर घ्यावी लागते. त्या टक्करीत टीव्ही जिंकल्याचं मी फार कमी पाहिलंय.

आम्ही दर वर्षी पीबीएसच्या (सार्वजनिक टीव्हीच्या) स्टेशनला देणगी देतो. त्यातलं काही तुमच्याकडे येत नाही का?
— एक वाचक, वॉर्सेस्टर

एक पैसाही नाही. पीबीएसची स्टेशनं वेगळी, आम्ही वेगळे. त्यांना कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगमार्फत केंद्र सरकारचा पैसा मिळत असे. २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो परत घेतला, तेव्हा बरेच जण आमच्याकडे सहानुभूतीने बघत होते. आमच्या ताटात तो घास कधी नव्हताच. त्यांची देणगी चालूच ठेवा, त्यांना आता ती लागणार आहे.

ताई, खरं सांगू? आमच्या घरात केबल नाही. गावच्या सभा यूट्यूबवर दिसतात, आमचा दिवाळीचा कार्यक्रमही आम्ही यूट्यूबवरच टाकतो. मग हे चॅनेल हवंच कशाला? जग पुढे गेलं, एवढंच म्हणावंसं वाटतं.
— सॉफ्टवेअरमधला एक वाचक, सॅन होजे

यूट्यूबवर टाकायला मीच सांगते. आम्हीही सगळं तिथे टाकतो. पण गावची सभा यूट्यूबवर आली ती आपोआप आली का? कुणीतरी सभागृहात जाऊन कॅमेरे लावले, दहा माणसांचे दहा माइक मिक्सरवर नीट बसवले, मागच्या रांगेतल्या आजींचा प्रश्न ऐकू यावा म्हणून हातात माइक घेऊन धावपळ केली. हे काम करणारा माणूस पगार घेतो तो केबलच्या फीतून. चॅनेल नको म्हणालात तरी चालेल, मी चॅनेलसाठी रडणारी बाई नाही. पण त्या माणसाचा पगार कुठून येणार, तेवढं सांगा.

तुमच्या मंडळाचं उदाहरण घेऊ. दिवाळीचा कार्यक्रम मोबाइलवर घेतला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. निवेदिकेचं बोलणं हॉलच्या घुमण्यात विरून जातं, तबला तेवढा कानठळ्या बसवतो, आणि पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी आंबाड्यामुळे अर्धा नाच दिसत नाही. आमच्याकडे मंडळाचे एक काका आले होते, निवृत्त इंजिनिअर. त्यांना ऑडिओ शिकवला. कुर्त्याच्या कापडावर घासून खरखर करणारा कॉलरमाइक आतून टेपने कसा चिकटवायचा, इथपासून. पुढच्या गुढीपाडव्याला त्यांनी पेटी, तबला आणि आवाज तीन वेगळ्या ट्रॅकवर घेतले आणि नंतर आमच्या एडिट मशीनवर बसून स्वतः जुळवले. यूट्यूब जागा देतं. काकांना कुणी शिकवायचं?

ही कल्पना पहिल्यापासून अशीच होती. १९७१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी अल्टरनेट मीडिया सेंटर काढलं. त्याच वर्षी जुलैत मॅनहॅटनच्या केबलवर सार्वजनिक चॅनेलं सुरू झाली. कुणालाही कॅमेरा हाताळता यावा आणि स्वतःचं म्हणणं मांडता यावं, हा या मंडळींचा आग्रह होता. त्याआधी स्टोनी कॅनडात नॅशनल फिल्म बोर्डाच्या 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमाचे प्रमुख होते. तिथे गावकऱ्यांच्याच हाती कॅमेरा देण्याचे प्रयोग चालत.

ज्येष्ठ मंडळींचंही बघा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच सासू-सासऱ्यांना रिमोटवर नंबर दाबला की सभा दिसते, हे जमतं. लिंक पाठवली की घरात कुणीतरी मोकळं असावं लागतं. तसाही यूट्यूबचा कार्यकारी अधिकारी आमच्या सिलेक्ट बोर्डाला उत्तरदायी नाही. लायसन्सधारक कंपनी निदान कागदावर तरी आहे.

आता तुमचा मुद्दा जिथे बरोबर आहे तिथे मान्य करते. चॅनेल बघणं कठीण करून ठेवलंय हे खरं. आमच्यासारखी बरीच चॅनेलं अजून धूसर, जुन्या दर्जाच्या चित्रातच दिसतात, बाकीची सगळी एचडीत. कार्यक्रमांच्या यादीत कार्यक्रमाचं नावही नसतं, नुसतं 'स्थानिक कार्यक्रम' असं काहीतरी. मग लोक बघत नाहीत, आणि लोक बघत नाहीत म्हणून पैसे कशाला द्यायचे, असं विचारतात. मेन राज्याने यावर कायदा केला, की या चॅनेलांना इतर चॅनेलांसारखंच वागवा, एचडी द्या, यादीत नाव द्या. केबल उद्योगाची संघटना कोर्टात गेली. २०२१ मध्ये पहिल्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने मेनच्या बाजूने निकाल दिला. आमच्या राज्यात असा कायदा आला तर मी तरी पेढे वाटेन.

आमच्या शहरातल्या केंद्रात नवे कोरे कॅमेरे आहेत, पण स्टुडिओ आठवड्यातून मोजकेच तास उघडतो. ही उधळपट्टी नाही का? कॅमेऱ्यांऐवजी एक माणूस ठेवला असता तर?
— एक वाचिका, लॉस एंजेलिस परिसर

तुमच्यासारखाच राग मलाही येतो, पण तो चुकीच्या माणसांवर काढू नका. ती उधळपट्टी करणारे तुमच्या केंद्रातले लोक नाहीत, कायदा आहे.

२००५ साली टेक्सासने आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आणखी बऱ्याच राज्यांनी केबलचं लायसन्स गावाकडून काढून राज्याकडे घेतलं. फोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात यायचं होतं, आणि प्रत्येक गावाशी वेगळी बोलणी करायला वेळ नव्हता. कॅलिफोर्नियाचा कायदा २००६ चा, त्याला डिव्हका म्हणतात. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये केबल कंपन्यांनाच सार्वजनिक स्टुडिओ चालवावे लागत, कारण शहराने करारात तसं घातलं होतं. डिव्हका आला, बंधन गेलं, आणि २००९ सुरू होतानाच ते स्टुडिओ बंद झाले. एका फटक्यात.

बदल्यात काय मिळालं? शहराला हवं असेल तर कंपनीच्या उत्पन्नाच्या आणखी १ टक्क्यापर्यंत वेगळी फी. ही फी ५ टक्क्यांच्या वर धरायची तर संघराज्याच्या कायद्यानुसार ती भांडवली खर्चासाठीच असावी लागते. कॅमेरे, दिवे, सर्व्हर, इमारत, चालेल. पगार, वीज, शिकवणी, नाही. पगार द्यायचा तर तो त्या ५ टक्क्यांतून, म्हणजे शहराच्या तिजोरीतून मागायचा, आणि तिथे रांगेत कोण कोण उभं आहे ते वर सांगितलंच.

त्यामुळे होतं असं की वर्षअखेर केंद्राकडे यंत्रांसाठी पैसे शिल्लक, आणि माणसासाठी नाहीत. कपाटात बॅटऱ्या चार्ज केलेल्या, लेन्सवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि दारावर 'आज बंद' ची पाटी. लग्नात पंगतीला चांदीची ताटं मांडावीत आणि आचाऱ्याला बोलवायचे पैसे नसावेत, तशी ही तऱ्हा. केंद्रचालकाला विचारलंत तर तो हेच सांगेल, फक्त एवढ्या मोकळेपणाने सांगणार नाही, कारण शहराचा माणूस ऐकतोय.

विस्कॉन्सिनमध्ये तर राज्याने २००७ च्या कायद्याने ॲक्सेसची वेगळी फीच टप्प्याने संपवली, २०११ पासून ती नाहीच. कॅलिफोर्नियाला निदान कॅमेरे तरी मिळाले, असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

आमच्या मुलांच्या शाळेला केबल कंपनीकडून फुकट कनेक्शन होतं. आता ऐकतो की कंपनी त्याची किंमत लावून गावाच्या फीतून वजा करणार. हे कसं शक्य आहे?
— शाळेच्या पालक समितीतले एक गृहस्थ

शक्य आहे, कायदेशीरही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एफसीसीने, म्हणजे संघराज्याच्या दळणवळण आयोगाने, असा आदेश काढला की गाव लायसन्समध्ये केबलशी संबंधित ज्या वस्तू आणि सेवा मागतं, त्यांतल्या बऱ्याचशांची किंमत त्या ५ टक्क्यांतच धरायची. म्हणजे आधी जे ५ टक्क्यांच्या वर मिळत होतं ते आता आतून कापायचं. भीती अशी होती की उद्या कंपनी चॅनेलच्या जागेचीही बाजारभावाने किंमत लावेल आणि हातात येणारी फी जवळपास शून्य होईल.

ओरेगनमधल्या युजीन शहराने आणि इतर गावांनी आव्हान दिलं. २०२१ च्या मेमध्ये सहाव्या सर्किटच्या कोर्टाने निम्मा दिलासा दिला. वस्तू-सेवांची किंमत धरता येईल, पण बाजारभावाने नाही, कंपनीला ती सेवा द्यायला प्रत्यक्ष जेवढा जादा खर्च येतो तेवढीच. शाळेच्या एका कनेक्शनचा जादा खर्च फार नसतो. तेव्हा कंपनीकडून वजावटीचं पत्र आलं तर गावाच्या वकिलाला एकच विचारायला सांगा: हा आकडा खर्चाचा आहे की दरपत्रकातला? दरपत्रकातला असेल तर पत्र परत पाठवा.

त्याच निकालात एक वाईट गोष्ट झाली, ती फार कुणाच्या लक्षात आली नाही. युजीन शहर कंपनीच्या इंटरनेट धंद्यावर वेगळी लायसन्स फी घेत होतं. ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती वैध ठरवली होती. एफसीसीने २०१९ च्या आदेशात ती अडवली, आणि सहाव्या सर्किटने अडवणूक कायम ठेवली. मघाशी मी १,६०० घरांचं गणित मांडलं, ती भोक पडलेली बादली बुजवायचा एक सरळ रस्ता होता. तो बंद झाला. सॅटेलाइट डिशवर तर १९९६ पासून गावाला कर लावताच येत नाही.

सिनेटर एड मार्की यांनी काँग्रेसमध्ये यावर विधेयक मांडलेलं आहे, की फ्रँचायझी फी म्हणजे फक्त रोख पैसे, वस्तू-सेवा त्यात धरायच्या नाहीत. एकाहून अधिक वेळा मांडलं आहे. गाडी तिथेच आहे.

मग नेटफ्लिक्सवाल्यांवर कर लावा ना! ते तर त्याच तारेतून येतात.
— तीन पत्रं, जवळपास शब्दशः हेच

तिघांचंही डोकं बरोबर चाललंय. हाच विचार करून काही शहरं कोर्टात गेली. ओहायोतल्या मेपल हाइट्सने नेटफ्लिक्स आणि हुलूवर दावा लावला, की तुम्हीही व्हिडिओ पुरवता, फी भरा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. या कंपन्या रस्त्यात स्वतःच्या तारा टाकत नाहीत, त्यामुळे तो कायदा त्यांना लागू नाही. नेवाडातल्या रीनो शहराला आणि आर्कान्सातल्या ॲशडाउनला केंद्रीय अपील कोर्टांनी त्याच वर्षी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. जुन्या कायद्याचा अर्थ ताणून पैसे मिळणार नाहीत, हे यातून स्पष्ट झालं. नवा कायदाच करावा लागेल.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तसं विधेयक सत्रामागून सत्र मांडलं जातंय. राज्यातल्या ग्राहकांकडून स्ट्रीमिंग कंपन्यांना जे उत्पन्न मिळतं त्यावर ५ टक्के, आणि त्याचा काही हिस्सा गावांना, काही गावच्या मीडिया केंद्रांना. मला ते आवडतं, आणि आवडण्यात माझा पगार गुंतला आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच.

पण समोरची बाजू ऐका. कंपन्या म्हणतात, केबलवाला रस्ता खोदतो म्हणून फी भरतो, आम्ही काय खोदतो? शिवाय ५ टक्के ग्राहकाच्याच बिलावर येणार. आमदार म्हणतात, निवडणुकीच्या वर्षात लोकांच्या वर्गणीवर कर लावला असं मला नको. यातलं दुसरं म्हणणं मला खोटं वाटत नाही. शिकागोने २०१५ पासून स्ट्रीमिंगवर करमणूक कर लावलाच, सुरुवातीला ९ टक्के. पण कर लावला म्हणजे पैसा गावच्या टीव्हीकडे आला, असं होत नाही. तो कर शहराचा. वाट कुणाकडे जाते ते कायद्यात लिहावं लागतं, आणि आमच्या विधेयकातलं मला महत्त्वाचं वाटणारं वाक्य कराचं नाही, वाटपाचं आहे.

जाहिराती का घेत नाही? दोन दुकानांच्या जाहिराती दाखवल्या की प्रश्न सुटला!
— एक व्यावसायिक वाचक

करारात मनाई असते. ही चॅनेलं अव्यावसायिक असावीत, अशी अट घालूनच ती दिलेली असतात. 'या कार्यक्रमाला अमुक यांचं सहकार्य' एवढं चालतं, 'आजच या, सूट मिळवा' चालत नाही. सहकार्य घेतो, सदस्यत्वाची वर्गणी घेतो, लग्न सोडून बाकी शूटिंगची कामं घेतो (लग्नाचं एकदा केलं, पुन्हा नाही), शिबिरं घेतो. यातून चहा-कॉफी निघते, पगार नाही. जे केंद्रचालक 'आम्ही स्वावलंबी होऊ' असं बोर्डाला सांगतात, त्यांच्याकडे मी हल्ली काळजीने बघते. बोर्ड ते ऐकतं, लिहून घेतं, आणि पुढच्या वर्षी त्यानुसार कपात करतं.

आमच्या चॅनेलवर एक जण दर आठवड्याला तासभर तोंडसुख घेतो. याला का नाही काढत? असल्या माणसांमुळेच लोक म्हणतात, बंद करा.
— एक वाचिका, न्यूयॉर्क

काढणं सोपं नाही, आणि कंपनीला तर मजकुरात हात घालायची कायद्याने मनाई आहे. केंद्रं साधारणपणे 'आधी येईल त्याला आधी' या तत्त्वावर चालतात. २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या केंद्राविरुद्धच्या हॅलेक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, की ही खाजगी ना-नफा संस्था आहे, सरकार नव्हे, त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचं बंधन तिच्यावर थेट येत नाही. पण केंद्राचे स्वतःचे नियम आणि शहराशी केलेला करार उरतोच. बाकी, त्या गृहस्थांच्या नंतरचा तास तुमच्या मंडळाने मागा. मिळेल.

ताई, मंडळाच्या बैठकीत ठरलं की स्टेशनला वाचवायचं. पत्र लिहू, सह्या गोळा करू. आणखी काय करता येईल?
— मंडळाच्या कार्यकारिणीतली एक वाचिका

सह्या नकोत. म्हणजे करा, पण त्यांवर फार विसंबू नका.

एक माहिती काढा: तुमच्या गावाचं केबल लायसन्स कधी संपतं? गावच्या कारकुनाकडे किंवा केबल सल्लागार समितीकडे विचारा, तो कागद सार्वजनिक असतो. १९८४ च्या कायद्यानुसार नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया मुदत संपण्याआधी ३६ ते ३० महिन्यांच्या दरम्यान सुरू होते, आणि त्यात गावाच्या केबलशी संबंधित भविष्यातल्या गरजा काय आहेत हे सार्वजनिक सुनावणीत तपासलं जातं. या सुनावणीला बहुतेक ठिकाणी कोण येतं? केंद्रचालक, कंपनीचा वकील, आणि बिल जास्त आल्याची तक्रार करणारे दोन जण. तुमचं मंडळ गेलं तर तुम्हीच गर्दी.

तिथे काय बोलावं? 'आमची संस्कृती जपली पाहिजे' हे बोलू नका. गोड वाटतं, पण इतिवृत्तात त्याला वजन नाही. सांगा की आमचा इतक्या वेळेचा कार्यक्रम होतो, इतकी माणसं शिकली, इतक्या संध्याकाळी स्टुडिओ लागतो, आणि तो बंद असल्यामुळे अमुक कार्यक्रम झाला नाही. कंपनी 'गरजच नाही' असं म्हणू लागली की गावाच्या बाजूने हेच कागद उपयोगी पडतात. आणि जे बोललात ते लेखी देऊन त्यावर पोच घ्या.

काय मागायचं, हेही ठरवून जा. करारात पगारासाठी वापरता येईल असा पैसा हवा, नुसता यंत्रांसाठीचा नको. फी तिमाहीला मिळावी आणि सोबत टीव्हीच्या ग्राहकांची संख्या आणि उत्पन्नाचा तक्ता यावा. आमच्याकडे चेकबरोबर एक पान येतं, मी त्यातला पॅकेजच्या सवलतीचा आकडा नेहमी तपासते. टीव्ही आणि इंटरनेट एकत्र घेतल्यावर जी सूट मिळते, ती कंपनीने टीव्हीच्या बाजूने किती टाकली? जास्त टाकली तर टीव्हीचं उत्पन्न कमी दिसतं आणि फी घटते. गाव हिशेब तपासायची मागणी करू शकतं, करारात तशी तरतूद ठेवावी.

लायसन्स संपायला अजून बरीच वर्षं असतील, तर गावच्या अंदाजपत्रकाची सभा गाठा. फी कमी झाली म्हणून काही गावं आता सर्वसाधारण निधीतून थोडी रक्कम टाकू लागली आहेत. गावकरी अंदाजपत्रकावर मत देतात त्या टाउन मीटिंगमध्ये हा विषय निघतो तेव्हा उठून उभं राहणारं कुणीतरी लागतं. मार्चच्या आधी मला पुन्हा लिहा, आमच्या राज्यात बहुतेक गावांची वॉरंट, म्हणजे टाउन मीटिंगच्या विषयपत्रिका, त्या सुमारास छापली जातात, आणि एकदा छापली की त्यात नवा विषय घालता येत नाही.